मेदमौन आणि केळवणं

माझं लग्न ठरल्यावर अख्ख्या सांगलीने मला जेवायला बोलावलं. अख्खी सांगली म्हणजे आमचे नातेवाईक, पण ते एवढे आहेत की फारसा फरक पडत नाही. पाट, रांगोळी, ताटाभोवती फुलं, आणि नवरीने अजून किती खायला पाहिजे यावर दहा बायकांचं एकमत. या केळवणांनी मी मरता मरता वाचले. हसू नका, हे खरं आहे. हसायचंच असेल तर शेवटी हसा, तेव्हा मीही हसत होते.

आधी एक सांगून टाकते. मी जाड होते. आई ‘अंगाने भरलेली’ म्हणायची, बाबा ‘खात्यापित्या घरची’ म्हणायचे, आणि शाळेतली पोरं जे म्हणायची ते इथे लिहीत नाही. जाड म्हणजे जाड. आणि जाड मुलगी जेवायला बसली की ते जेवण तिचं एकटीचं राहत नाही, सगळ्यांचं होतं. माझी वर्षाआत्या तर माझ्या ताटाची राखणदारच होती. मी दुसऱ्या पोळीला हात घातला की, “शालू, बास की आता. किती खाशील?” असं म्हणून ती पोळी उचलायची आणि शेजारी बसलेल्या तन्वीच्या ताटात टाकायची. वर तूप. तन्वी तिची लेक, माझ्याच वयाची, काडीसारखी. लग्नाच्या पंगतीत आत्या वाढप्याला डोळ्याने खुणवायची, आणि जिलबीचं ताट माझ्यासमोरून तसंच पुढे जायचं. त्या वाढप्यांनाही सवय झाली होती म्हणा.

बरं, मी काही बकासुरासारखी खात नव्हते. तन्वी खायची तेवढंच खायचे. पण तिचं कुठे जायचं देव जाणे, आणि माझं सगळं माझ्यापाशीच राहायचं. भूक मारणारी ती जुनी इंजेक्शनं कॉलेजात असतानाच घेऊन झाली. त्यांनी मला नुसत्या ओकाऱ्या झाल्या. डाएट झाले, व्यायाम झाले, मुलं बघून झाली. मुलं म्हणजे काय, ती चहापोहे खाऊन जायची आणि नंतर त्यांच्या आईचा फोन यायचा की पत्रिका जुळत नाही. दोन हजार एकेचाळीस साल उजाडलं, सांगलीच्या आकाशात माल वाहणारी ड्रोन घिरट्या घालायला लागली, तरी आमच्यासाठी पत्रिका मात्र जुळत नव्हती.

मग मेदमौन आलं, वजन उतरवणारं नवं औषध.

आई मला डॉ. निंबर्गींकडे घेऊन गेली. बाई पन्नाशीच्या, तोंडाने तिखट, आणि पेशंटला अडाणी समजून बोलणाऱ्या नव्हेत. मी आधीच विचारलं, “हे नक्की करतं काय? मला समजावून सांगा. मी हळदीच्या थंड वखारीची व्यवस्थापक आहे, अगदीच ढ नाही.”

“ऐक तर,” त्या म्हणाल्या. “तू जेवतेस. रक्तात साखर वाढते. स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं आणि रक्तातून फिरत फिरत चरबीच्या पेशीपाशी येतं. त्या पेशीच्या अंगावर प्रथिनाचा एक ग्राही, म्हणजे रिसेप्टर, असतो. इन्सुलिन त्याला चिकटलं की पेशीच्या आत निरोप जातो, एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. त्या निरोपाने साखर आत घेणारी दारं पेशीच्या पृष्ठभागावर येतात. रक्तातून वाहणारी चरबी फोडून आत ओढणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, आहे, ते कामाला लागतं. आणि साठलेली चरबी सुटी करून बाहेर सोडणारी जी विकरं आहेत, ती गप्प बसतात. म्हणजे बाहेरचं आत घ्या आणि आतलं बाहेर सोडू नका. इन्सुलिनचा चरबीच्या पेशीला एवढाच हुकूम असतो.”

“आमच्या वखारीसारखंच की,” मी म्हटलं.

“तसंच. काही लोकांच्या पेशी हा हुकूम फार मन लावून पाळतात. तू त्यातली. मेदमौन फक्त चरबीच्या पेशींत शिरतं आणि हा ग्राही बनवण्याचा जो संदेश असतो, तोच पुसून टाकतं. स्नायूंना इन्सुलिन ऐकू येतं, यकृताला येतं, चरबीच्या पेशीला येत नाही. हुकूमच पोचला नाही तर ती साठवणार काय? उंदरांवर हे फार पूर्वी करून पाहिलंय. ते उंदीर बारीक राहिले आणि जास्त जगले.”

“म्हणजे ही बारीक होईल ना?” आई मध्येच म्हणाली.

“होईल,” डॉक्टर म्हणाल्या, पण त्या माझ्याकडेच बघत होत्या. “पण वखारीचं दार बंद केलं म्हणून ट्रक यायचे थांबत नाहीत. हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.”

मला चांगलंच माहीत होतं. आधीच्या वर्षी ऐन हंगामात आमच्या वखारीचं मोठं दार अडकलं होतं. ट्रकांची रांग पार नाक्यापर्यंत गेली, रस्ता तुंबला, आणि शेवटी लोकांनी शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात पोती उतरवली. पोरं आठवडाभर शिंकत होती.

“तुझ्या अंगात रस्ता म्हणजे रक्त आणि शाळा म्हणजे यकृत,” त्या म्हणाल्या. “म्हणून या औषधात आणखी एक भाग घातलाय, तो स्नायूंना चरबी जास्त जाळायला लावतो. बेताने खाल्लंस तर आलेलं जळून जाईल. तेलतूप अगदी थोडं, जेवण थोडं थोडं, जन्मभर. एकदम खूप खाल्लंस, दुसऱ्या दिवशी परत खाल्लंस, तर ते जळणारही नाही आणि साठणारही नाही. आणि अजून एक. चरबीची भरलेली पेशी मेंदूला सतत कळवत असते की घरात साठा आहे, घाबरू नको. रिकामी पेशी काही कळवत नाही. मेंदूला वाटतं दुष्काळ पडला. तुला भूक लागेल. आतापर्यंत लागली नसेल अशी लागेल.”

“चालेल,” मी म्हटलं. जन्मभर दुसऱ्यांनी ताट मोजलं होतं, आता स्वतः मोजायचं, त्यात काय एवढं! असं मला त्या दिवशी वाटलं होतं. आई तर बाहेर पडताना देवळाकडेच वळली.

वर्ष संपायच्या आत मी बारीक झाले. बारीक म्हणजे तन्वीच्या साड्यांचे ब्लाउज मला ढगळ व्हायला लागले. थंडी वाजायची, मे महिन्यात ऑफिसात स्वेटर घालून बसायचे, आणि भूक तर अशी की भिंत खावीशी वाटायची. पण बाकी सगळं जग एकदम गोड झालं होतं. वखारीत माल घेऊन येणारे ड्रायव्हर, जे आधी “ओ मॅडम” असं ओरडायचे, ते आता खुर्ची पुसून द्यायला लागले. दुकानदार हसायला लागले. आणि एका रविवारी वर्षाआत्या दारातून आत येता येता थबकली, हनुवटीला हात लावून म्हणाली, “अगं बाई! किती अशक्त दिसतेस गं शालू! नीट जेवत नाहीस का?”

त्या दिवशी मी खोलीत जाऊन आरशासमोर ते वाक्य तिच्याच आवाजात म्हणून बघितलं. किती अशक्त दिसतेस गं शालू. मग खूप रडले. आनंदाने रडले की रागाने, ते मला अजूनही कळलेलं नाही.

निहार सबनीस त्यानंतर आला. मिरजेचा, इंजिनिअरिंग कॉलेजात गणित शिकवतो, शांत आहे, मिश्कील आहे, आणि माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघतो. या शेवटच्या गोष्टीची मला सवय नव्हती. पत्रिका जुळली. आता ती कशी काय जुळली ते विचारू नका. मेदमौनचं त्यांना सांगायचं का, असं मी आईला विचारलं.

“कशाला?” आई म्हणाली. “दात बसवून घेतले तर सांगतो का आपण? केस रंगवले तर सांगतो का? तुझे जुने फोटोसुद्धा मी सगळीकडून काढून टाकलेत. मागचं मागे गेलं.”

“आणि आत्याला? मावशीला?”

“त्यांना तर अजिबात नाही. व्यायामाने झाली, असं सांगितलंय मी. तोंडघशी पाडू नकोस मला.”

इथेच सगळं अडकलं. कारण केळवणात नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागतं. पोट बिघडलंय, हे एका घरी चालतं. दुसऱ्या घरी ओवा आणून देतात. तिसऱ्या घरी आधीच बातमी गेलेली असते आणि “आमच्याकडेच बरं तुझं पोट बिघडतं” म्हणून रुसून बसतात. आई म्हणाली, “थोडं खा, गोड बोल, ताटात पसरून ठेव.” पसरून ठेव! नवरीने पानात टाकायचं नाही हा नियम तिनेच मला लहानपणी शिकवला होता.

पहिलं केळवण वर्षाआत्याकडे. विश्रामबागेतलं घर, दारात रांगोळी, टेबल सोडून खास पाट मांडलेले. पुरणपोळ्या, कटाची आमटी, आटीव बासुंदी, आणि तुपाची वाटी नव्हे, तुपाचं भांडं. मी ठरवून गेले होते. एक पोळी, तीही कोरडी, बासुंदीला नुसतं बोट लावायचं. पोटात वणवा पेटला होता, तरी मी एक पोळी चावून चावून खाल्ली आणि हात आखडला.

“हे काय?” आत्या म्हणाली.

“बास, आत्या.”

“बास काय बास! माझ्या भावाची एकुलती एक लेक, उपाशी पाठवू का सासरी? वाढ गं तन्वी तिला. आणि तूप असं काय घालतेस, औषध घालतात तसं? आण इकडे.”

तिने माझ्या पोळीवर तूप ओतलं. ताटात तळं झालं. मग ती गुडघे दुखत असताना माझ्यासमोर खाली बसली, पोळीचा घास मोडला, तुपात बुडवला आणि माझ्या तोंडापाशी धरला. “हा माझ्या हातचा,” म्हणाली. “याला नाही म्हणायचं नसतं.”

तुम्हाला सांगते, मला सगळं माहीत होतं. ग्राही, निरोप, विकरं, रस्ता, शाळा, सगळं पाठ होतं. पण ज्या हाताने आयुष्यभर माझ्या ताटातली पोळी उचलली, तो हात मला भरवत होता. आत्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी तोंड उघडलं. त्यानंतर किती पोळ्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही, बायका मोजत होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. “बघा, एवढं खाऊनही अंगाला लागत नाही हिच्या,” कोणीतरी म्हणालं. तन्वी कोपऱ्यात उभी होती. दोन बाळंतपणांनंतर ती आता जरा सुटली होती. तिच्या ताटात आत्याने एकच पोळी वाढली होती.

दुसऱ्या दिवशी जामदारकाकांकडे. त्याच्या दुसऱ्या दिवशी वखारीतल्या लोकांनी मटणाचा बेत केला, वरचा तेलाचा तवंग बघूनच मला समाधान झालं. मग आईच्या मैत्रिणी. रोज ठरवायचे, आज नाही. रोज कोणीतरी “घे गं, माझ्यासाठी” म्हणायचं आणि तो मेंदूतला दुष्काळ उठून उभा राहायचा. खोटं कशाला बोलू, मला फार छान वाटत होतं. अठ्ठावीस वर्षांचं सगळं उट्टं मी काढत होते. आई प्रत्येक घरून येताना माझा हात घट्ट धरायची आणि म्हणायची, “उद्या जपून हं,” आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर हसून म्हणायची, “वाढा की, लाजते ती.”

दीपामावशीकडे तळलेले मोदक होते. मी तिसरा मोदक तोंडात घातला आणि पोटाच्या वरच्या भागात कोणीतरी सुरी खुपसून पाठीतून बाहेर काढावी असं झालं. मी पाटावरून बाजूला कलंडले. “नजर लागली!” मावशी ओरडली आणि मीठमोहऱ्या आणायला धावली. मीठमोहऱ्या ओवाळून होईपर्यंत मी दोनदा ओकले होते. मग तन्वीनेच गाडी काढली.

दवाखान्यात रक्त घेणाऱ्या नर्सने सुई टोचली आणि सिरिंजकडे बघत राहिली. मीही बघितलं. दुधात थोडंसं कुंकू कालवावं असं काहीतरी तिच्यात जमत होतं. पुढे ती नळी उभी करून ठेवली तर वर सायीसारखा पांढरा थर आला. ते माझं रक्त होतं. मला बेशुद्ध व्हायला एवढं पुरलं.

स्वादुपिंडाला सूज आली होती. अतिदक्षता विभाग, नाकात नळी, तोंडाने पाण्याचा थेंब नाही. रक्त एका यंत्रातून फिरवून त्यातली चरबी काढत होते. एरवी मशीनमधून पिवळसर पाणी जायला पाहिजे, तिथे ताकासारखं काहीतरी पिशवीत साठत होतं. ते सगळं तूप कोणाकोणाच्या घरचं होतं, हे मी पडल्या पडल्या ओळखायचा प्रयत्न करत होते. तापात माणूस काहीही करतो.

शुद्ध नीट आली तेव्हा डॉ. निंबर्गी आईला झापत होत्या. “बाई, मी मराठीतच सांगितलं होतं ना? तेव्हा कुठे होतात?”

“लोकांना नाही कसं म्हणायचं हो?” आई रडत होती. “लग्नघर आहे.”

डॉक्टर खुर्चीत बसल्या. एकदम थकल्यासारख्या दिसल्या. “या औषधाच्या चाचण्या जिथे झाल्या ना, तिथे माणसं आपलं आपण वाढून घेतात,” त्या म्हणाल्या. “पोट भरलं की उठतात. पाच दिवस रोज कोणीतरी समोर बसून तोंडात तूप कोंबेल, हे त्या लोकांच्या डोक्यातच आलं नसणार. माझ्याही आलं नाही, आणि मी इथलीच आहे.”

मग त्या माझ्याकडे वळल्या. जे सांगायचं ते सरळ सांगून टाकलं. या औषधावर उतारा आहे. एक इंजेक्शन घेतलं की ग्राही पुन्हा तयार व्हायला लागतात, पेशींना इन्सुलिन ऐकू यायला लागतं, रक्तातली चरबी आत जायला लागते. यकृत सुटतं, भूक शमते, जीव वाचतो.

“आणि वजन?” मी विचारलं.

“परत येईल. आधीपेक्षा थोडं जास्तच. रिकाम्या पेशी अधाशासारख्या भरतात.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर पेज, फुलके, वरणाचं पाणी, बिनसायीचं ताक. तेलतूप औषधालासुद्धा नाही. भूक मात्र आहे तशीच राहणार. आणि पुन्हा असा झटका आला तर मी तुला वाचवेन असं सांगत नाही. हा निर्णय अवघड नाहीये, शाल्मली. उद्या सकाळी इंजेक्शन देऊ.”

खरंच अवघड नव्हता. मीही त्या वेळी मान हलवली होती. जिवापेक्षा काय मोठं आहे?

संध्याकाळी वर्षाआत्या आली. आईने तिला एव्हाना सगळं सांगितलं होतं, सांगावंच लागलं. आत्या माझे पाय धरून रडली. “अगं, आधी सांगायचं नाही का? मी माझ्या हाताने विष घातलं गं तुला. मी कशाला वाढलं असतं?” मी तिचं डोकं थोपटलं. मला तिची खरंच दया आली. मग तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि विचारलं, “आता त्या इंजेक्शनने तू बरी होशील ना?”

“होईन. पण परत जाड होईन.”

माझ्यासमोर दवाखान्याचा ट्रे होता, त्यात पेजेची वाटी आणि एक केळं. नळी काढल्यावरचं ते माझं पहिलंच खाणं. मी केळ्याला हात लावला, आणि आत्याचा हात आला. तिने ते केळं उचललं आणि खिडकीत ठेवलं. “मग आतापासूनच जपायला हवं हं,” ती म्हणाली. अगदी मायेने म्हणाली. “परत पहिल्यासारखं नको व्हायला. एवढी छान झालीस ती.”

मी पेज प्यायले.

ती गेल्यावर निहार आला. त्यालाही आता सगळं कळलं होतं. तो चिडला नाही, ओरडला नाही, माझा हात हातात घेऊन बसला. “तू वाचलीस यापुढे मला काही नको,” म्हणाला. मला एवढं बरं वाटलं की मी म्हटलं, थांब, तुला दाखवते. आईने सगळीकडून फोटो काढून टाकले होते, पण एक माझ्याकडे होता. वखारीच्या वर्धापनदिनाचा. मी हळदीच्या पोत्यांपुढे उभी आहे, निळा ड्रेस, पोट धरून हसतेय. मला तो फोटो आवडतो, खरं सांगायचं तर.

निहारने फोन हातात घेतला. बघत राहिला. मोठा करून बघितला, लहान करून बघितला.

“गोड आहे,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “किती वर्षांपूर्वीचा आहे?”

“दोन वर्षंसुद्धा नाही झाली.”

“अच्छा.” त्याने फोन माझ्या उशाशी पालथा ठेवला. हात परत हातात घेतला, पण आता अंगठा माझ्या मनगटाच्या हाडावरून फिरत होता, ते हाड अजून तिथे आहे ना हे बघत असल्यासारखा. “डॉक्टर म्हणतात म्हणजे करायलाच पाहिजे,” तो म्हणाला. “मी काही बोलणार नाही, तू ठरव. फक्त... उद्याच घ्यायची घाई आहे का? म्हणजे लग्न तोंडावर आलंय, आणि पथ्य तर तू तसंही पाळणारच ना?”

तो वाईट माणूस नाही. तुम्ही त्याला शिव्या द्याल, पण तो वाईट नाही. माझी आई, आत्या, मावशी, कोणीच वाईट नाही. वाईट कोणीतरी असतं तर मी त्याला धरून बडवलं तरी असतं.

सकाळी डॉ. निंबर्गी इंजेक्शन घेऊन आल्या, आणि मी म्हटलं, “नको.”

“काय नको?”

“उतारा नको. आहे तसं राहू दे.”

“वेड लागलंय का तुला?” त्या इतक्या जोरात ओरडल्या की नर्स आत आली. “मरशील! यकृत आत्ताच चरबीने फुगलंय. त्या पोरासाठी मरणार आहेस?”

“त्याच्यासाठी नाही,” मी म्हटलं. “डॉक्टर, मी जाड होते तेव्हा मला सगळं पचत होतं. माझ्या पेशी काय मन लावून साठवायच्या, तुम्हीच म्हणालात. पण मला कोणी वाढत नव्हतं. आता सगळे वाढतात, भरवतात, पाया पडतात खा म्हणून, आणि आता मला पचत नाही. दोन्ही एकदम मिळणार नाही ना? नाही. मग मला हेच राहू दे. खायला मिळालं नाही तरी चालेल मला, त्याची सवय आहे. पण ताटाला हात घातल्यावर ‘बास की आता’ हे मला पुन्हा ऐकायचं नाही. मरेपर्यंत नाही.”

त्यांनी सुईवर टोपण चढवलं. मग इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. “मी दर महिन्याला विचारणार,” त्या म्हणाल्या.

“विचारा.”

“आणि रक्त तपासायचं. दर आठवड्याला.”

“बरं.”

दारापाशी जाऊन त्या वळल्या. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, बहुतेक एखादी सणसणीत शिवीच, पण नुसतीच मान हलवून गेल्या. आईने हात जोडले. कोणाला जोडले ते मी विचारलं नाही.

लग्न ठरल्या तिथीला झालं. मंडपात सगळे म्हणत होते, नवरी कशी नाजूक, जणू फुंकर मारली तर उडेल. दवाखान्याचं निहारने त्याच्या आईला काही सांगितलं नव्हतं. “साधा पोटाचा त्रास झाला होता, एवढंच म्हणालोय,” असं त्याने मला आधीच सांगून ठेवलं. “तिला उगीच काळजी.” मी म्हटलं, बरोबर केलंस.

मग पंगत बसली. मध्ये आम्ही दोघं, समोर समया, भोवती फोटोवाले आणि सगळ्या बायका. निहारने नाव घेतलं आणि जिलबीचा तुकडा माझ्या तोंडापाशी आणला. लहान तुकडा मोडला होता त्याने, आणि वाकून कानात म्हणाला, “गिळू नकोस.” मी तुकडा गालात ठेवला. मग माझ्या सासूबाई, वृंदाताई, स्वतः उठून आल्या. उंच, देखण्या बाई, हातात जिलबीचं ताट. त्यांनी अख्खी जिलबी उचलली आणि म्हणाल्या, “आता माझ्या हातची. मला मुलगी नाही गं. तुला बघितलं तेव्हाच ठरवलं होतं, हिला मी खाऊ घालणार.” सगळ्या बायका “घे, घे” करून ओरडल्या. वर्षाआत्या त्यांच्या मागे उभी होती. तिला सगळं माहीत होतं. तीही “घे गं” म्हणाली, सगळ्यांपेक्षा मोठ्याने.

मी जिलबी घेतली. दुसऱ्या गालात ठेवली. तुपातली होती, गरम, केशराची, पाक जिभेवर उतरत होता, आणि माझ्या मेंदूतला तो दुष्काळ गिळ म्हणून ओरडत होता. दोन्ही गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, आणि फोटोवाला म्हणाला, “वहिनी, असंच हसा!” मी हसले. तो फोटो फार चांगला आलाय.

“हात धुऊन येते,” अशी खूण करून मी उठले. कार्यालयाच्या मागे हात धुवायची जागा होती. आई माझ्या आधीच तिथे जाऊन उभी होती. तिने नळ पूर्ण सोडून ठेवला होता, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी बेसिनमध्ये सगळं थुंकले. बोटाने गालांतून, दातांतून शेवटचा कण काढला. आईने माझा शालू वर धरला होता आणि ती दाराकडे बघत होती.

“कोणी बघितलं नाही,” ती म्हणाली आणि टॉवेल पुढे केला. “चल लवकर. वृंदाताई भातावर घालायला तूप घेऊन उभ्या आहेत.”

मी चूळ भरली, ओठांचा रंग नीट केला आणि जाऊन पानावर बसले.

“वाढा ना,” मी म्हटलं.